शेवंतीचं दावं

"तोंडातनं एक अक्षर काढायचं न्हाई," हौसाक्कांनी मला बजावलं. "नवा आवाज ऐकला की जनावर बिथरतं. मुकाट्यानं बसायचं, मुकाट्यानं सड धरायचा. कळलं?"

मला गप्प बसायला सांगायचं म्हणजे माशाला झाडावर चढायला सांगण्यासारखंच. मी इचलकरंजीची. आमच्या गल्लीत घराघरांत माग, रात्रंदिवस खडखडाट. तिथं साधं 'जेवलीस का' विचारायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. पण म्हैस माझी, अडलेली मी. अडला हरी, दुसरं काय! ओठ मिटले, चरवी गुडघ्यांत धरली आणि शेवंतीच्या कासेला हात लावला.

शेवंतीनं मान वळवून माझ्याकडं एकदा बघितलं, नाक फेंदारलं आणि तोंड फिरवलं. कास फुगून दगडासारखी झालेली, पण चरवीत थेंब पडेल तर शपथ.

"चोरला पान्हा," हौसाक्का म्हणाल्या. "सरक. चुलीजवळ जाऊन बस. तू समोर असलीस तर माझ्या हातालाबी द्यायची न्हाई."

मी मुकाट आत गेले. कुडापलीकडून आधी हौसाक्कांची काहीतरी पुटपुट ऐकू यायची, आणि मग चरवीच्या बुडावर पहिली धार वाजायची. एकदा विचारलं, "काय म्हणता हो तिला?" तर म्हणाल्या, "देवाचं नाव घेते." मी विश्वास ठेवला. नवी होते, बावळट होते.

लग्न होऊन वर्ष होत आलं होतं. घर गावात नाही, मळ्यात. गाव तिकडं टेकाडाच्या पायथ्याला आणि आमचं कौलारू घर इकडं उसाच्या नि शाळूच्या मध्ये एकटं. मालक, म्हणजे माझा नवरा, दिवसभर रानात. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. सगळ्यात मला काय सोसलं नाही तर ती शांतता. माग बंद पडला की आमच्याकडं माणसं दचकून जागी होतात, आणि इथं तर कायमचाच बंद. मी भांडी आपटायची, उगाच मोठ्यानं गाणी म्हणायची. शेवटी मालकांच्या मागं लागले, मला एक म्हैस घेऊन द्या. निदान घरात कुणीतरी श्वास घेणारं असेल.

विहिरीवर बायका फिदीफिदी हसल्या. "मागवाल्याची पोर म्हैस राखणार! शेपटी कुठली नि तोंड कुठलं, ते तरी ठावं हाय का?" मी पण म्हटलं, बघाच आता.

ओढ्यापलीकडं हौसाक्कांचं घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा वसंत पुण्याला कारखान्यात. रान वाट्यानं दिलेलं, घरात त्या आणि शेवंती. आता वसंत त्यांना कायमचं पुण्याला न्यायचं म्हणत होता, म्हणून शेवंती विकायला काढली. मालकांनी घेतली. रेडकू जन्मतःच गेलेलं, त्यामुळं शेवंती फक्त हौसाक्कांच्या हातालाच पान्हा सोडायची. सौदा झाला तेव्हा हौसाक्कांनी शब्द दिला, "म्हैस तुझ्या बायकोच्या हाताला रुळवून दिल्याबिगर मी गाव सोडत न्हाई." आणि मुलाला निरोप धाडला, म्हैस रुळली की ने मला.

म्हैस आमच्या दारात आणून बांधली त्या दिवशी त्यांनी तिच्या गळ्यातलं दावं सोडलं. सुताचं, काळं पडलेलं, वळून वळून मऊ झालेलं. ते गुंडाळून त्यांनी काखेत मारलं.

"ते राहू द्या की," मी म्हटलं.

"विकलेल्या जनावराचं दावं देत न्हाईत बाय. घरची लक्ष्मी जाती त्याच्यासंगट," त्या म्हणाल्या आणि ओढा उतरून गेल्या. मालकांनी बाजारातनं आणलेलं नवं, करकरीत दावं शेवंतीच्या गळ्यात अडकवलं.

तेव्हापासून रोज दोन वेळा हौसाक्का ओढा ओलांडून यायच्या. मला मुकी करून बसवायच्या, म्हैस रुसायची, मग मला चुलीजवळ हाकलून स्वतः धार काढायच्या. चरवी भरली की उठून घरी जातील? नाव नको! तिथंच उंबऱ्यावर बसायच्या आणि माझ्या संसाराला नावं ठेवायच्या. "ही काय चूल सारवलीया का चितारलीया? म्हशीच्या आंबोणात मीठ कोण घालणार, तुझी आई? घरात बसून भिंतींशी बोलतीस काय दिसभर? चल माझ्यासंगं."

मी मनातून चिडायची आणि निघायची त्यांच्या मागं. बांधावर वाकून त्या मला पाथरी दाखवायच्या, तांदळजा दाखवायच्या. "ही खा. ही खाऊ नको. हिला हात लावलास तर दोन दिस खाजवत बसशील." मी नेमका तिसरीला हात लावायची. मग त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसायच्या की मलाही हसू यायचं.

एक दिवस पहाटे आल्या त्या हातात पांढरं धोतर घेऊन. नवऱ्याचं असावं, जुनं, धुऊन धुऊन विरलेलं.

"चल. आंब गोळा करायची."

आमच्या हरभऱ्याला घाटे धरायला लागले होते. दोघींनी धोतराची दोन टोकं धरली आणि दवानं भिजलेल्या हरभऱ्यावरनं ते अलगद ओढत नेलं, पार ओळीच्या टोकापर्यंत आणि परत. धोतर ओलंचिंब झालं. मग हौसाक्कांनी ते एका बाजूनं पिळलं, मी दुसऱ्या बाजूनं, आणि खाली वाटीत पिवळसर पाणी पडलं. त्यांनी बोट बुडवून माझ्या जिभेवर ठेवलं. आई गं! अशी आंबट की डोळे मिटले, खांदे वर गेले.

"पोटदुखीला हिच्यासारखं औषध न्हाई," त्या म्हणाल्या. "आता गप उभी ऱ्हा. ऐक."

"काय ऐकू? काहीच वाजत नाही इथं."

"मागाचे कान हैत तुझे. ऐक म्हणते न्हवं."

मी उभी राहिले. आधी काहीच नाही. मग हळूहळू एकेक यायला लागलं. उसाची पानं एकमेकांना घासत होती. कुठंतरी लांब विहिरीवरचं इंजिन चालू होतं, फट्-फट्-फट्. एक भारद्वाज घुमत होता. ओढ्याचं पाणी आणि आमच्या घराकडून शेवंतीचं हंबरणं. इतके दिवस मी जिला शांतता म्हणत होते ती केवढी तरी भरलेली होती, आणि मला ठाऊकच नव्हतं. पायाखाली थंडगार माती, हाताला आंबेची चिकट आग, आणि माझ्या मनात आलं, मला हे आवडतंय. मला हे सोडून इचलकरंजीला परत जायचं नाही.

हे मी हौसाक्कांना बोलून दाखवलं. त्या धोतराची घडी घालत राहिल्या.

"मी गेल्या साली पंधरा दिस पुण्याला राहून आले," त्या म्हणाल्या. "वसंताच्या खिडकीतनं काय दिसतंय ठावं हाय? दुसऱ्याची खिडकी. सूनबाई गुणाची हाय गं, चहाचा कप हातात आणून देती. पर कप धरून किती येळ बसायचं?"

"मग सांगा की त्यांना, येत नाही म्हणून."

"कुठल्या तोंडानं सांगू? 'आई, तू एकटी असतीस, मला झोप लागत न्हाई' म्हणतोय. खोटं हाय का ते? लेकराची झोप उडवून मी हितं हरभरा बघत बसू?" त्यांनी घडी काखेत मारली. "म्हैस रुळू दे तुझी. मग जाते."

त्या दिवसापासून म्हैस रुळावी म्हणून मी ओठ मिटून बसायची, आणि बसल्या बसल्या मनात म्हणायची, आज नको गं बाई, उद्या रूळ.

पौष लागला. मालक घरातलं सगळं दूध घेऊन गारगोटीला बहिणीकडं जावळाला गेले आणि मी घरी एकटी. त्याच दिवशी सकाळी हौसाक्का आल्या नाहीत. उन्हं अंगणात आली तरी पत्ता नाही. शेवंतीनं हंबरून हंबरून रान डोक्यावर घेतलं. कास तुंबून तटतटलेली, तिला उभं राहवेना.

आंबोण पुढं ठेवलं, ओठ मिटले आणि बसले. पाच बोटांनी सड धरला, जसं शिकवलं होतं अगदी तसा. काही नाही. दुसरा धरला. काही नाही. आणि शेवंतीनं पाय झाडला! चरवी उडून भिंतीला लागली आणि मी शेणात पडले.

मग माझं डोकं फिरलं.

"अगं ए भवाने!" मी ओरडले. सगळं इचलकरंजी माझ्या तोंडातून बाहेर पडलं. "समजतीस कोण तू स्वतःला? महिना झाला तुझ्यापुढं मुकी बसतेय मी! वैरण मी घालते, शेण मी काढते, घासून अंघोळ मी घालते, आणि लाथ मला? त्या विहिरीवरच्या बायका हसतात मला, माहीत आहे? तुझ्यापायी हसतात! माहेरचं बोलावणं आलं तरी गेले नाही, का, तर बाईसाहेब रुसतील. संध्याकाळी मालकांना यायला उशीर झाला की उंबऱ्यावर एकटीच बसते गं मी, कोल्हे ओरडतात टेकाडावर, कुणाला सांगू? आणि आता ती म्हातारीसुद्धा जाणार. एक माणूस मिळालं होतं बोलायला, तेसुद्धा तू..."

बोलता बोलता मी उठले होते, चरवी उचलली होती, पुन्हा खाली बसले होते, आणि हात आपोआप कासेकडं गेला होता. रडत होते, बोलत होते. आणि एकदम हाताला ऊब लागली. खाली बघितलं तर चरवीत धार. पांढरीशुभ्र, जाड, फेस उठवणारी! शेवंतीनं कान माझ्याकडं वळवले होते आणि ती निवांत रवंथ करत होती. मी बोलायची थांबले की धार बारीक व्हायची. बोलायला लागले की वाहायची. मी तिला माझ्या धाकट्या भावांची नावं सांगितली, गल्लीतल्या भांडणांची हकिकत सांगितली, लग्नातल्या जिलब्या कशा कमी पडल्या तेही सांगितलं. चरवी काठोकाठ भरली.

आनंदानं मी तिच्या कपाळाला कपाळ लावलं. आणि तिथंच मला ती पुटपुट आठवली. देवाचं नाव! कसलं आलंय देवाचं नाव? म्हातारी रोज हिच्याशी गप्पा मारत होती, आणि मला मात्र मुकी करून बसवत होती. मुद्दाम! माझं शिकणं व्हायलाच नको म्हणून!

तळपायाची आग मस्तकात गेली. लोट्यात दूध ओतलं, पदराखाली धरलं आणि तरातरा ओढा ओलांडला. हा लोटा तिच्यापुढं आपटायचा आणि विचारायचं, काय हो आक्का, हे काय म्हणून?

दार नुसतं लोटलेलं. हौसाक्का घोंगड्यावर पडल्या होत्या, तापानं फणफणलेल्या. कोपऱ्यात ट्रंक भरून ठेवलेली. तिच्यावर एक उशी, वेडीवाकडी, टोचरी दिसणारी. शेजारी खुंटीला शेवंतीचं काळं दावं.

"ही कसली उशी?" माझ्या तोंडून आधी हेच निघालं.

"बियाणं हाय," त्या पडल्या पडल्या म्हणाल्या. "शाळू, मूग, घेवडा, थोडी अंबाडी. फडक्यात शिवलंय."

"पुण्यात कुठं पेरणार?"

"पेरायला कुठलं? उशाला घेईन." मग त्या कोपरावर उठल्या. डोळे तापानं लाल, आणि त्यात कसली भीती होती देव जाणे. "पोरी, दिली का गं तिनं?"

सगळे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. लोटा पदराखाली कोमट लागत होता.

"कुठली देतीय!" मी म्हटलं. "लाथ मारली, चरवी उपडी केली. तुम्ही बऱ्या व्हा आणि या बघू लवकर. माझं काय चालत नाही तिच्यापुढं."

त्यांनी डोळे मिटले आणि परत आडव्या झाल्या. "वाटलंच मला," म्हणाल्या. चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की मला रडूच आलं. ते लपवायला मी चूल पेटवली, आलं ठेचून घसघशीत चहा केला, त्यांना बसतं करून पाजला. त्यांनी बशीत ओतून ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. "गोडमिट्ट केलास," एवढंच म्हणाल्या.

ताप उतरला तशा हौसाक्का पुन्हा धारेला यायला लागल्या, आणि पुढच्या आठवड्यात वसंत आला. साधा, सुजाण माणूस. आमच्या अंगणात बाजेवर बसला. शेजारी मालक, खांबाला टेकून हौसाक्का.

"वहिनी, आज तुम्ही काढून दाखवा," तो हसत म्हणाला. "दिलं दूध तर उद्याच्या सकाळच्या एसटीनं आम्ही निघू. आईचा शब्द पुरा होईल, माझी रजाही संपत आलीय."

मी चरवी घेऊन बसले. शेवंतीला आठवडाभर हौसाक्कांच्या माघारी माझ्या कानगोष्टींची चटक लागलेली. तिनं मान वळवली, माझा खांदा चाटला. बोल की, म्हणत होती. मी पदराचं टोक दातांत धरलं. जन्मात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. नवरा बघतोय, पाहुणा बघतोय, उद्या विहिरीवर बायका फेर धरून हसणार, आणि माझ्या हातात कला असून मी ठोंब्यासारखी बसलेय. शेवंतीनं वाट बघितली, बघितली, आणि पान्हा चोरला.

मालक उठले. "झालं! हिच्यानं व्हायचं नाही. आक्का, आता हट्ट पुरे. रविवारी मी म्हैस गुरांच्या बाजारात नेतो. तुम्हीही सुटाल, मीही सुटेन."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"नाही न्यायची!" मी उभी राहिले. मालकांसमोर परक्यादेखत मी कधी आवाज चढवला नव्हता. "म्हैस माझी आहे. आणि वसंतभावजी, तुम्ही आईला एकटी राहते म्हणून नेताय ना?"

"हो वहिनी. मागच्या पावसाळ्यात ती तापानं पडली होती. मला कळलं आठवड्यानं. काही झालं असतं म्हणजे?"

"आणि परवा तापल्या तेव्हा? उन्हं डोक्यावर यायच्या आत मी त्यांच्या दारात होते. का? तर धारेला आल्या नाहीत म्हणून! रोज दोन वेळा इथं कुणीतरी त्यांची वाट बघत असतं. एक मी आणि एक ती." मी शेवंतीकडं हात केला. "एकटी कुठाय तुमची आई? पुण्यात तुम्ही दोघं कामाला गेलात की दिवसभर कोण वाट बघणार आहे त्यांची? त्यांना न्याल, पण त्यांच्या हाताला काय द्याल?"

मालक माझ्याकडं बघतच राहिले. हौसाक्का खांबापासून हलल्या, माझ्या हातातली चरवी घेतली आणि शेवंतीजवळ बसल्या. या वेळी त्यांनी कुणालाच आत हाकललं नाही. पुटपुटत राहिल्या आणि धार वाजायला लागली. वसंत बाजेवरून उठून जवळ आला आणि आईच्या हातांकडं लहान पोरासारखा बघत उभा राहिला.

"किती वर्षांनी बघतोय गं तुला धार काढताना," तो म्हणाला. मग भरलेली चरवी आईच्या हातातनं घेत, "उन्हाळ्यापर्यंत राहा. मग बघू."

तो एकटाच एसटीनं गेला. त्यानंतर उन्हाळे किती आले नि गेले, प्रत्येक उन्हाळ्यात वसंत आंबे खायला बायकापोरांसकट यायचा आणि 'दिवाळीनंतर बघू' म्हणून जायचा. हौसाक्कांचे हात थकेपर्यंत त्यांनी ओढा ओलांडला, आणि थकले तेव्हा ओढा मी ओलांडला. पण ते पुढचं.

तो गेला त्या दिवशी संध्याकाळी मालक रानात होते. हौसाक्का आल्या त्या खांद्यावर काळं दावं टाकून. आल्या तशा गोठ्यात गेल्या, शेवंतीच्या गळ्यातलं करकरीत दावं सोडून भिरकावलं आणि आपलं बांधायला लागल्या.

"आक्का, अहो, लक्ष्मी जाते म्हणता ना?"

"जाऊन जाऊन कुठं जाईल? वढ्याच्या पलीकडनं अलीकडं." त्यांनी गाठ ओढून बघितली. "बस खाली. काढ धार."

"मला कुठं देतीय ती..."

"त्या दिशी चहाला दूध कुठनं आलं हुतं गं?"

मळ्यात म्हैस एक, घरातलं दूध गारगोटीला गेलेलं, गावात दुधाचं दुकान नाही, आणि मी त्यांना दुधातला चहा पाजला होता! काल अंगणात मी जीव मुठीत धरून मुकी बसले, तेव्हा हौसाक्का खांबाला टेकून सगळं जाणून होत्या.

"लई जड गेलं असंल न्हवं काल गप बसायला?" त्यांनी विचारलं.

"मरणाचं!"

आम्ही दोघी अशा हसलो की शेवंती बिचकली. हसू ओसरलं तेव्हा मीही विचारून घेतलं, "आणि तुम्ही मला महिनाभर मुकी बसवलंत, ते?"

त्या गाठ पुन्हापुन्हा चाचपत होत्या. ती कधीच पक्की झाली होती.

"मला तरी कुठं जायचं हुतं, पोरी," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी चरवी माझ्या हातात दिली, शेजारी आंबोणाची बादली पालथी घातली आणि तिच्यावर ऐसपैस बसल्या.

"हं. बोल आता," हौसाक्का म्हणाल्या. "आम्ही दोघी ऐकतोय."